वॉर्डाच्या वीजबिलापासून सुरुवात: शहराच्या ऊर्जाबदलात नागरिकांनी शिरायचं कसं

१५ जानेवारी २०२६ला पुण्यात महापालिकेचं मतदान झालं. मार्च २०२२पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या पालिकेत पुन्हा नगरसेवक आले. आम्ही ज्या शाळेत रांगेत उभे होतो तिथल्या व्हरांड्यात भरदुपारी चार ट्यूबलाइट जळत होत्या. गच्चीवर ऊन नुसतं सांडत होतं आणि गच्ची रिकामी होती. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "हे बिल आपणच भरतो ना?" त्यावर सगळे हसले, आणि विषय तिथंच संपला.

तो विषय तिथं संपू नये म्हणून हा लेख. हवामानबदल, नेट झिरो, ऊर्जा-संक्रमण हे शब्द प्रभागाच्या बैठकीत काढले की लोक घड्याळाकडे बघायला लागतात. वीजबिल टेबलावर ठेवलं की खुर्च्या पुढे सरकतात. शिवाय ते दर महिन्याला येतं, त्यावर आकडे असतात, आणि पक्ष कुठलाही असो, ते नाकारता येत नाही. शहराचा ऊर्जाबदल, म्हणजे वीज वाया घालवणं थांबवून सौरसारख्या स्वच्छ विजेकडे वळणं, लोकांच्या ताब्यात आणायचा असेल तर माझ्या मते शिरण्याची वाट ही एकच, बाकीच्या सगळ्या हिला येऊन मिळतात. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मला तेच शहर माहीत आहे. पण कायदा राज्याचा आहे, त्यामुळे नाशिक-सोलापूरकरांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतील.

आधी एवढं समजून घ्या: कोणाच्या हातात काय आहे

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३पासून अमलात आली. तिने बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी दिली. पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे, पर्यावरणाचं रक्षण त्यात आहे. वीजपुरवठा नाही. वीज कुठून येणार, किती रुपयांनी येणार, हे ठरतं महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे. आणि ती आपल्याकडे पोहोचवतं महावितरण. त्यामुळे नगरसेवकाकडे जाऊन "विजेचा दर कमी करा" म्हणण्यात अर्थ नाही. मात्र "आपल्या प्रभागातल्या शाळेचं, दवाखान्याचं, पंपाचं बिल किती आणि का" हा प्रश्न शंभर टक्के त्याच्या अंगणातला आहे.

मुंबई याला अपवाद. १९४७पासून बेस्ट हा पालिकेचाच उपक्रम आहे आणि शहर भागात वीज तोच पुरवतो. जर्मनीत हॅम्बुर्गच्या लोकांनी २२ सप्टेंबर २०१३ला सार्वमत घेऊन ५०.९ टक्के मतांनी विजेचं जाळं शहराच्या मालकीत परत आणलं. बर्लिनमध्ये दीडच महिन्याने असाच प्रयत्न पुरेशा मतांअभावी थोडक्यात फसला. ज्यासाठी तिकडे लोक रस्त्यावर उतरले ते मुंबईकडे आधीपासून आहे, पण बेस्टची आठवण आपल्याला बस उशिरा आली की येते.

पहिली पायरी: बिलांची यादी मिळवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकीचं काम या यादीवर उभं राहणार आहे.

आपल्या प्रभागात महापालिकेच्या नावावर किती वीजजोडण्या आहेत? हा प्रश्न विचारला की आधी शांतता पसरते. शाळेची बिलं शिक्षण विभाग भरतो, पंपाची पाणीपुरवठा, दिव्यांची विद्युत विभाग, उद्यानाची आणखी कोणी. एका जागी यादी असेलच असं नाही, आणि ती नसणं हीच तुमची पहिली नोंद.

मिळवायच्या वाटा दोन. पुणे महापालिकेत २००९ साली एक चांगली प्रथा सुरू झाली: दर सोमवारी दुपारी ३ ते ५, अर्ज न करता नागरिकांनी जाऊन फायली पाहायच्या. २०१८मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती इतर स्थानिक संस्थांसाठीही लागू केली. ही प्रथा अजून चालू आहे का ते आधी विचारून घ्या. असेल तर सोमवारी जा, सोबत एकजण न्या, आणि त्या परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा. "असं काही नसतं" हे वाक्य ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. माझ्या वाट्याला ते तीनदा आलं, तीन वेगवेगळ्या टेबलांवर.

दुसरी वाट माहिती अधिकाराची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, त्यामुळे सगळं एका अर्जात कोंबू नका. "भ्रष्टाचार", "हलगर्जी" असे शब्द टाळा. माहिती अधिकाराच्या अर्जात मत लिहिलं की उत्तरही मतासारखंच येतं. एवढं पुरे:

"प्रभाग क्रमांक अमुक मधील महापालिकेच्या नावे असलेल्या सर्व वीजजोडण्यांचे ग्राहक क्रमांक, जोडणीचे ठिकाण, मंजूर भार, तसेच मागील आर्थिक वर्षातील महिनावार वीजवापर व भरलेली रक्कम यांची यादी द्यावी. यादी उपलब्ध नसल्यास संबंधित देयकांच्या नोंदी पाहण्याची संधी द्यावी."

शेवटचं वाक्य सोडू नका. "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" या उत्तराची वाट त्याने बंद होते. ३० दिवसांत काही आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. बऱ्याचदा सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन येतो.

बारा आकडी ग्राहक क्रमांक एकदा हाती आले की पुढची बिलं महावितरणच्या संकेतस्थळावर पाहता येतात. म्हणजे वर्षभर कोणाच्या दारात जावं लागत नाही.

दुसरी पायरी: बिल वाचायला शिका

युनिट आणि रक्कम सगळेच बघतात. तुम्ही आणखी तीन गोष्टी बघा.

एक, मंजूर भार किंवा करार मागणी, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेणार याचा जोडणी घेताना ठरलेला आकडा. मोठ्या जोडणीत ठरलेल्या मागणीचा ठरावीक हिस्सा वापरा अथवा न वापरा, भरावाच लागतो. वीस वर्षांपूर्वी मोठे पंप होते म्हणून घेतलेला भार आज लहान पंपांवरही तसाच चालू असेल तर दरमहा पैसे वाया जातात. तो कमी करायला एक अर्ज लागतो, सौर पॅनेल लागत नाही.

दोन, पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी येते त्याचं प्रमाण. उच्चदाब जोडण्यांना महाराष्ट्रात एप्रिल २०२०पासून केव्हीएएचमध्ये, म्हणजे कामी आलेल्या नव्हे तर घेतलेल्या एकूण विजेवर, बिल येतं. सोप्या भाषेत: पंपाने १००० युनिट काम केलं आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर बिल १२५० युनिटांचं. तो ०.९९ असेल तर साधारण १०१०चं. मधला फरक हे प्रमाण सुधारणारं कपॅसिटर पॅनेल नीट चालतंय की बंद पडलंय यावर ठरतो. पाणी उपसणं आणि ढकलणं हा पालिकांच्या वीजखर्चाचा मोठा भाग असतो, त्यामुळे पंपिंग स्टेशनच्या बिलावर आधी नजर टाका. पोस्टरवर छापण्यासारखा हा विषय नाही, पण पैसा इथं आहे.

तीन, महिन्यांची तुलना. मे महिन्यात शाळा बंद असताना बिल किती आलं? जूनइतकंच असेल तर एकतर मीटर अंदाजे वाचलं जातंय किंवा रात्रभर काहीतरी चालू आहे.

हे सगळं वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. आमच्या गटात हे काम एका निवृत्त बँक कर्मचारी ताईंनी केलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "या दोन जोडण्या एकाच पत्त्यावर कशा?" एक जोडणी पाडून टाकलेल्या इमारतीची निघाली. वापर नसला तरी लागणारा स्थिर आकार चालूच होता.

तिसरी पायरी: पायी फिरा

यादी घेऊन रविवारी सकाळी सहाला निघा. सोबत एखादा वायरमन असला तर उत्तम. उजाडल्यावरही चालू असलेले दिवे टिपा, खांबावरचा क्रमांक लिहा. मग त्याच वाटेने रात्री नऊला फिरा आणि बंद दिवे टिपा. रात्रीच्या फेरीत बायका हव्यातच. कुठल्या गल्लीत दिवा असूनही अंधार आहे हे त्यांना न विचारता सांगता येतं. वीजबचतीच्या नावाखाली तिथला दिवा मंद झाला तर पुढच्या बैठकीला कोणी येणार नाही, आणि न येणाऱ्यांचंच बरोबर असेल.

फेरी सोसायट्यांच्या रस्त्यावरच संपवू नका. पत्र्याच्या अंगणवाडीत एप्रिलच्या दुपारी दहा मिनिटं बसा. तिथं बसल्यावर प्राधान्यक्रम बदलतो. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि २०१७पासून वस्त्यांमधली छतं पांढरी रंगवायला घेतली. चुन्यासारखा परावर्तक रंग पत्र्यावर दिला की खोलीतली झळ दोन-चार अंशांनी उतरते. खर्च सौर पॅनेलच्या तुलनेत नगण्य. गच्चीवरच्या काळ्या चकचकीत पॅनेलचा फोटो छान येतो, पांढऱ्या पत्र्याचा येत नाही, म्हणून ही मागणी नागरिकांनीच लावून धरावी लागते.

चौथी पायरी: एक काम निवडा, एका पानावर मांडा

दहा मागण्यांचं निवेदन देऊ नका. ते फायलीला लागतं आणि फायल कपाटाला. एक काम घ्या आणि ते पाच लाखांच्या आत बसवा. पाच लाखच का? पुण्यात २००६-०७पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रकाची पद्धत आहे, तिथं एका कामाची मर्यादा पाच लाख. आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे प्रभाग समितीला अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या पाच लाखांपर्यंतच्या कामांना स्वतः मंजुरी देता येते. योगायोग सोयीचा आहे, फायदा घ्या.

शाळेच्या छतावरचं सौर उदाहरण म्हणून बघू. बाजारात किलोवॅटला साधारण ५० ते ६० हजार पडतात, म्हणजे ८ किलोवॅट पाच लाखांत बसतं. जागा किलोवॅटला शंभर चौरस फूट, म्हणजे आठशे, शिवाय टाकीची आणि झाडाची सावली वगळून. एक किलोवॅट उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट देतं. पावसाळा धरून वर्षाला १३०० युनिट धरा, म्हणजे आठाचे १०,४००. बिलातून सरासरी दर काढा. समजा तो ९ रुपये आला, तर वर्षाला सुमारे ९३ हजार वाचतील आणि पाच-सव्वापाच वर्षांत खर्च फिटेल. पॅनेल पुढे वीस वर्षं चालतं.

आता यात दोन खाचा आहेत. पहिली: पॅनेल सर्वांत जास्त वीज एप्रिल-मेमध्ये देतं, तेव्हाच शाळा बंद असते. म्हणून नेट मीटरशिवाय, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरशिवाय, हे काम घेऊच नका. जादा युनिट महावितरणकडे जमा होऊन नंतर वजा झाले तरच हिशोब जुळतो. २०२४च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी काढून टाकली आहे, तेव्हा ८ किलोवॅटसाठी "फिजिबिलिटी अडलीय" असं कोणी सांगितलं तर नियम दाखवा. दुसरी खाच जास्त चिवट आहे: बसवणारे बरेच असतात, पुसणारा कोणी नसतो. धुळीने दोन महिन्यांत उत्पादन घसरतं. देखभालीचा पाच वर्षांचा करार आणि महिन्याला किती युनिट आले याचा फलक शाळेच्या दारावर, या दोन अटी प्रस्तावातच लिहा. फलकावरचे आकडे सातवीच्या मुलांनी भरायचे. एकदा मुलांना शून्य लिहावं लागलं की तक्रार आपोआप घरोघरी पोहोचते.

एका पानावर एवढंच: आजचं बिल, काम, खर्च, वाचणारी रक्कम, देखभाल कोणाची, जागेचे दोन फोटो, मुख्याध्यापकांचं पत्र. मुख्याध्यापकांना आधी भेटा. त्यांना वर्तमानपत्रातून कळलं तर काम संपलं म्हणून समजा.

पाचवी पायरी: वेळ गाठा

योग्य मागणी चुकीच्या महिन्यात केली की ती "पुढच्या वर्षी बघू" होते. सहभागी अंदाजपत्रकाचे अर्ज पुण्यात साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागवले जातात आणि क्षेत्रीय कार्यालयात छाननी होते. आयुक्त जानेवारीच्या सुमाराला अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, मार्चअखेर मुख्य सभा ते मंजूर करते. म्हणजे बिलांचं काम उन्हाळ्यात, फेऱ्या जूनमध्ये, एक पान जुलैत तयार.

सहभागी अंदाजपत्रकाच्या या योजनेबद्दल माझं मत कडू आहे. इतक्या वर्षांत तिच्यातून बाक, नामफलक आणि फुटपाथच जास्त निघाले. पण दोष अर्ज करणाऱ्यांचाही आहे, आपण बाकच मागतो. अर्ज दिल्यावर पावती घ्या, आणि छाननीत तो नाकारला तर कारण लेखी मागा.

नगरसेवकांचं काय? पुण्यात ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक आहेत, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रभागात चार. बारभाईची शेती, काय लागे हाती. एकाला भेटलात की दुसरा म्हणतो, त्यांनाच विचारा. म्हणून चौघांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र द्या आणि पत्रातच खाली चौघांची नावं लिहा. श्रेय वाटून घ्यायला जागा ठेवा. फलकावर चार नावं मावतात. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात, तेही कायद्यातच आहे. त्या जागांवर खरोखर काम करणारी माणसं आहेत की पक्षाचे कार्यकर्ते, हे विचारायला हरकत नाही.

गावाला ग्रामसभा असते. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी शंभरेक घरांनिशी सौरग्राम झाली, कारण निर्णयाला एक चावडी पुरली. शहरासाठी २००९ साली कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांची सभा, आली, पण ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. तिची वाट बघत बसण्यापेक्षा मतदान केंद्राच्या यादीतल्या लोकांना शाळेच्या पटांगणावर बोलवा, नगरसेवकाला पाहुणा म्हणून नव्हे तर उत्तर द्यायला बोलवा, आणि इतिवृत्त लिहून सह्यांनिशी क्षेत्रीय कार्यालयात आवक नोंदवा. आवक क्रमांक पडला की सभा झाली.

सोसायटीत राहत असाल तर

हे सोपं आहे म्हणून थोडक्यात. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. सोसायटीच्या लिफ्ट-पंप-जिन्यासाठी किलोवॅटला १८ हजार. शाळा-दवाखान्याला हे अनुदान नाही, ते घरगुतीसाठीच. वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव आणण्याआधी वरच्या मजल्यावरच्यांना विश्वासात घ्या. गळती होईल ही त्यांची भीती खरी असते. वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर.

सहावी पायरी: आयोगापुढे बोला

इथं फार थोडे लोक जातात, आणि जे जातात त्यांचं ऐकलं जातं. दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज नियामक आयोग वर्तमानपत्रांत जाहीर सूचना काढतो, हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. फी नाही, वकील लागत नाही, हरकत मराठीतही चालते. २०२५च्या सुरुवातीला पाच वर्षांच्या दरप्रस्तावावर अशा सुनावण्या झाल्या तेव्हा छतावर सौर बसवलेल्या साध्या घरगुती ग्राहकांनी दिवसा तयार झालेले युनिट कसे वजा करायचे या प्रस्तावावर जोरदार हरकती घेतल्या. पुण्याच्या प्रयास संस्थेचा ऊर्जा गट वर्षानुवर्षं अशा प्रस्तावांचं बारकाईने विश्लेषण करतो. हरकत लिहिण्याआधी ते वाचा.

लिहिताना प्रस्तावातलं पान आणि परिच्छेद सांगा, तुमचा आकडा सांगा, मागणी एका वाक्यात सांगा. "सामान्य माणूस पिचला" हे आयोगाला माहीत आहे. "आमच्या प्रभागातल्या सहा सौर शाळांचं बिल या कलमामुळे अमुक रुपयांनी वाढेल" हे त्यांना माहीत नसतं, आणि ते सांगायला तुमच्याकडे पहिल्या पायरीची यादी असते.

सातवी पायरी: शहराकडून हिशोब मागा

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभेपुढे ठेवायचा असतो. १ ऑगस्टला नगरसेवकांना विचारा, आला का, वाचला का, चर्चा किती मिनिटं झाली. त्यात पालिकेच्या स्वतःच्या वीजवापराचं प्रभागवार कोष्टक असावं ही मागणी लावून धरा.

मुंबई या बाबतीत पुढे आहे. मार्च २०२२च्या तिच्या हवामान कृती आराखड्यात २०१९चं शहराचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन २.३४ कोटी टन मोजलं होतं, त्यातला ७२ टक्के वाटा इमारतींच्या आणि इतर स्थिर ऊर्जेचा, २० वाहतुकीचा, ८ कचऱ्याचा. जून २०२४मध्ये पालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला आणि भांडवली खर्चापैकी १०,२२४ कोटी, म्हणजे ३२ टक्के, हवामानाशी जोडलेला असल्याचं दाखवलं. ऑस्लोने सुरू केलेली ही पद्धत आहे आणि चांगलीही आहे, पण दाखवणं आणि असणं यात अंतर असू शकतं. नाला रुंद करण्याचं जुनं काम हवामानाच्या रकान्यात गेलं की टक्केवारी वाढते, काम तेवढंच राहतं. म्हणून अशा अहवालावर एकच प्रश्न विचारा: यातलं कुठलं काम हवामानाचा विचार नसता तर झालंच नसतं? आणि गंमत बघा, आराखडा जाहीर झाला तेव्हा मुंबईत प्रशासक बसून आठवडाही झाला नव्हता, आणि पहिला हवामान अर्थसंकल्पही प्रशासकाच्याच काळातला. सभागृहात त्यावर भांडायला कोणी निवडून आलेलं नव्हतं. आता आहेत. त्यांना भांडायला लावणं आपलं काम.

काम मंजूर झाल्यावर

कार्यादेशाची प्रत मागा, काम सुरू होताना आणि संपताना मीटरचा फोटो काढा. बिलं पुढे वर्षभर नोंदवत राहा. उद्घाटनाला लोक येतात, तिसऱ्या महिन्यात येणारं बिल बघायला कोणी येत नाही. ते बघण्याची जबाबदारी दोघांवर नावानिशी टाका, एक आजारी पडला तर दुसरा.

वहीची एक प्रत शाळेच्या कार्यालयात ठेवा. नगरसेवक बदलतील, क्षेत्रीय अधिकाऱ्यांची बदली होईल, आपल्यातलेही काही घर बदलून जातील. पुढच्या मतदानाला त्याच व्हरांड्यात रांग लागेल तेव्हा वही तिथंच असावी.